घुंगूरकाठीची पाटी

पहिल्याच रविवारी आम्हाला एका दगडासमोर उभं केलं आणि सांगितलं, दोन मिनिटं नुसतं बघा, बोलायचं नाही. मला हसूच फुटलं. गप्प राहणं मला कधी जमलेलं नाही. पोफळीच्या वीजघराच्या वसाहतीत मी वाढले, तिथल्या बायका मला बंद न होणारा रेडिओ म्हणायच्या. पण सांगणाऱ्या बाई चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळावर होती. मी मुकाट्याने ओठ मिटले.

साल दोन हजार एक असावं. रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत मी टंकलेखक होते, एकटी भाड्याच्या खोलीत राहायचे आणि रविवार नुसता खायला उठायचा. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका जुन्या कौलारू बंगल्यात गावातल्या काही हौशी मंडळींनी तीन दालनांचं छोटं संग्रहालय मांडलं होतं. आलेल्या लोकांना माहिती सांगायला माणसं हवीत, पगार नाही, चहा मिळेल, अशी चिठ्ठी मी वाचनालयाच्या फळ्यावर वाचली आणि तशीच तिकडे गेले. ऐकून घेणारी माणसं आठवड्याला आपोआप मिळणार, आणखी काय हवं होतं मला?

तो दगड म्हणजे वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा करतात तो. पहिलं मिनिटभर मला फक्त दगड दिसला. मग खालच्या पट्टीत आडवा पडलेला माणूस दिसला, त्याच्यामागे गाई दिसल्या, आणि मग त्यातली एक गाय मान वळवून त्याच्याकडे बघताना दिसली. "गाय मागे बघतेय!" मी ओरडलेच. बाईंनी घड्याळावरची नजर काढली. "अजून वीस सेकंद होते," त्या म्हणाल्या, "पण खरं आहे. बघतेय ती."

त्या दिवसापासून मी वेडी झाले. दुसरा शब्द नाही. कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी छिन्नी घेऊन बसला आणि त्याला वाटलं, एक गाय मागे बघू दे. हे त्याला कुणी सांगितलं असेल? सोमवारी कचेरीत पत्र टाइप करताना मी दोनदा चुकले. एस.टी. स्टँडवर रसवंतीच्या पाटीवरची अक्षरं कुणी रंगवली असतील, मिरकरवाड्यात होड्यांच्या नाळीवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची रंगीत फुलं कुणाच्या हातची, हे मी उभी राहून बघू लागले. मासळी घ्यायला गेलेली बाई होडीची फुलं बघत बसते म्हणून कोळणींनी मला चांगलीच वेड्यात काढलं.

बाई धरून आम्ही सहाजण होतो. बाई आम्हाला दर रविवारी दालन उघडण्याआधी तासभर शिकवायच्या. त्यांचा नियम एकच. आधी दिसतं ते बोला. माहीत आहे ते नंतर. आणि वाटतं ते सगळ्यात शेवटी, तेही कुणी विचारलं तर. हा तिसरा भाग मला भारी जड जायचा. आमच्यात मिरकरवाड्यातले एक चाचा होते, लाकडी होड्या बांधणारे. ते कधीच फार बोलत नसत, पण लाकडाला हात लावून झाड कुठलं ते सांगत. बाकीचे तिघं शिक्षक आणि कारकून. त्यातल्या एकांनी मला पहिल्या महिन्यात तीनदा विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं म्हणालात?" मी तिन्ही वेळा पोफळी सांगितलं. त्यांना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं, आणि आम्ही बौद्ध आहोत हे सांगायला मला लाजही नव्हती. पण सरळ विचारा ना. चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, आणि ते बिचारे चहात जास्त साखर घालून बसले.

खरं तर पोफळीशिवाय मला सांगायला गाव नव्हतंच. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, विशीच्या आत वीजघराच्या कामावर लागले आणि वायरमन म्हणून तिथूनच निवृत्त झाले. गाव हा शब्द आमच्या घरात निघायचा नाही. निघालाच तर अप्पा उठून बाहेर जायचे.

तिसऱ्या दालनात एक काठी होती. पुरुषभर उंच, काळीशार, वरच्या टोकाला लोखंडी कडं आणि कड्यात सात पितळी घुंगरं. मध्ये हातभर जागेत सुतळीचे वेढे, तेलकट झालेले. पाटीवर लिहिलं होतं: 'घुंगूरकाठी. लोकनृत्यातील वाद्य.' खाली देणाऱ्यांचं घराणं. देणारे म्हणजे आमच्या संग्रहालयाच्या समितीचे अध्यक्ष. गावात त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत. पूर्वी त्यांच्या घराण्याकडे त्यांच्या गावाची खोती, म्हणजे सारावसुलीचं वतन होतं.

ती काठी म्हणजे माझा हुकमी एक्का. वीरगळापाशी पोरं जांभया देऊ लागली की मी त्यांना तिसऱ्या दालनात न्यायचे, काठी उचलायचे आणि जमिनीवर आपटायचे. छन्! पोरं उड्या मारायची. मग मी सांगायचे, गणपतीत जाखडी नाचताना म्होरक्याच्या हातात ही काठी असायची, तो ठेका द्यायचा आणि मागचे पायातले चाळ वाजवायचे. मग मी टाळ्यांवर ठेका धरायला लावायचे आणि एकेका पोराला काठी वाजवायला द्यायचे. हे म्होरक्याचं वगैरे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. पाटीवर नृत्य लिहिलेलं होतं, उरलेलं मी जोडलं होतं. लोकांना आवडतंय म्हटल्यावर ते दर रविवारी थोडं थोडं वाढतही गेलं.

अप्पांनी मला बोलताना ऐकावं, ही माझी फार इच्छा होती. निवृत्तीनंतर आई आणि ते चिपळूणच्या बाहेर दोन खोल्या बांधून राहिले होते. कार्यक्रमांना, सभांना ते जात नसत. मी तीन पत्रं पाठवली, तेव्हा एका रविवारी सकाळच्या एस.टी.ने आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दालनात एका शाळेची सहल आली होती, अप्पा त्या मुलांच्या मागे हात बांधून उभे राहिले. वीरगळापाशी मी गाईवर आले तेव्हा त्यांनी मान पुढे केली आणि खरंच बघितलं. मला आभाळ ठेंगणं झालं. आता यांना खरी गंमत दाखवते, असं म्हणून मी तिसऱ्या दालनात गेले, काठी उचलली आणि नेहमीपेक्षा जोरात आपटली.

पोरांचा ठेका संपला तेव्हा अप्पा दालनात नव्हते. बाहेर फाटकाजवळच्या चिऱ्याच्या बुटक्या गडग्यावर बसलेले सापडले.

"बरं वाटत नाही का अप्पा?"

"ती काय हाय, म्हाईत हाय तुला?"

"नाचातली काठी..."

"येसकराची काठी हाय ती," अप्पा म्हणाले. "गावाची चाकरी आमच्या वाडीत घरोघर फिरायची. ज्याची पाळी, त्याच्या हातात अशी काठी. मेल्याची वर्दी घेऊन दुसऱ्या गावात जा, मेलेलं ढोर ओढ, सांजचं दारोदार भाकरी मागत फिर. घुंगरं कशाला म्हाईत हाय? आमी येतोय ता लोकांस कळाया. पोरं घरात घ्यायला, पाण्याची भांडी आत घ्यायला. माझ्या बापाशीच्या हातात अशीच बघितलीय मी."

बंद न होणारा रेडिओ बंद पडला.

"धम्म घेतला त्या साली वाडीनं सगळ्या काठ्या खाडीत टाकल्या. आमी टाकलं, ता तू पोरांना नाचवायला देतेस?" ते उठले. "ती काठी हाय तवर मी हितं पाऊल टाकायचो नाय. जाळा म्हनाव तिला." आणि मी आणलेला डबा न खाता ते दुपारच्या गाडीने परत गेले.

मी रागाने फणफणले. आधी अप्पांवर, की इतकी वर्षं एक शब्द सांगितला नाही. मग पाटी लिहिणाऱ्यावर. आणि मग स्वतःवर, तो राग काही केल्या जाईना. माझ्या आजोबांच्या हातात असायची तसल्या वस्तूवर मी टाळ्या घेतल्या होत्या. किती रविवार! मला माझ्या स्वतःच्या आवाजाची लाज वाटली.

बाईंच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या हळहळतील. त्या हळहळल्या नाहीत. "आपण सहाजणांनी ती काठी बघितलीच नाही," म्हणाल्या. "पाटी वाचली आणि पुढे गेलो. माझीच चूक पहिली. रविवारी सगळ्यांना आठला बोलाव."

रविवारी आठ वाजता काठी टेबलावर पांढऱ्या चादरीवर आडवी ठेवली आणि आम्ही सहाजण भोवती उभे राहिलो. दोन मिनिटं. मग बाई म्हणाल्या, दिसतं ते बोला. कडं जाड आहे. घुंगरं मोठी आहेत, बारीक नाहीत, म्हणजे आवाज लांब जावा. खालचं टोक झिजून तिरकं झालंय, म्हणजे चालताना टेकलेली आहे, मैलोन् मैल. नाचात काठी अशी झिजत नाही. एकेक गोष्ट निघत होती. सगळं तिथंच होतं, उघडं, आणि मी वर्षभर ती आपटत बसले होते.

चाचांनी हात लावला. "खैर हाय," म्हणाले. मग ते सुतळीच्या वेढ्यांपाशी थांबले. वेढे सैल झाले होते. त्यांनी ते न सोडता बोटाने अलगद वर सारले आणि खाली वाकले. "बाई, हितं बघा."

मुठीच्या जागी, सुतळीखाली, वेल कोरलेली होती. बारीक पानं, एकाआड एक, सगळ्या बाजूंनी फिरत गेलेली, आणि वेलीच्या टोकाला चिमणीएवढा, नव्हे, चिमणीच्या डोक्याएवढा एक पक्षी. झिजून झिजून पानांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे सुतळी मागाहून गुंडाळलेली. उजेड तिरका पडला तरच दिसत होतं.

"पकड बसाया खाचा मारतात, ता समजतं," चाचा म्हणाले. "पन ह्या खाचा नाय, ही पानं हायत. पटाशीची नाय, साध्या चाकूची. खैरावर चाकू चालवायचा म्हंजे चेष्टा नाय. रोज थोडं थोडं करत बसला असंल."

"पण मुठीखाली का?" कुणीतरी विचारलं. "दिसणारच नाही ना कुणाला."

सहाही जणांना एकदमच कळलं. घुंगरं गावाची होती. काठी गावाची होती. ही वेल मात्र त्याची होती, आणि ती त्याने अशा जागी काढली होती जिथं फक्त त्याचाच हात पोचणार. मी रडले आणि रडता रडता हसलेही. आनंद कसला झाला म्हणता? मी आयुष्यात बघितलेली ती सगळ्यात सुंदर गोष्ट होती आणि ती बघायला आधी मला इतकं लाजावं लागलं होतं.

एस.टी.डी. बूथवरून मी चिपळूणला फोन लावला.

"अप्पा, काठीच्या मुठीखाली वेल आहे. कोरलेली. पक्षी पण आहे!"

"मग?"

"त्याने स्वतःसाठी काढलीय अप्पा. कुणी सांगितलं नव्हतं."

"जाळलीव का नाय अजून?" त्यांनी फोन ठेवला.

वकीलसाहेबांकडे आम्ही सहाजण मिळून गेलो. पाटी बदलायची आहे म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जुनं उकरून कुणाचं भलं झालंय? लोक रविवारी चार सुंदर गोष्टी बघायला येतात. एवढंच असेल तर काठी माळ्यावर ठेवून देऊ." म्हणजे अप्पा आणि वकीलसाहेब यांचं जगात एका बाबतीत एकमत झालं, ते म्हणजे काठी नजरेआड करावी. आणि मला तर ती तिथंच हवी होती, खऱ्या पाटीसकट, आणि अप्पाही तिथं हवे होते. दोन्ही एकदम कसं जमायचं ते मला कळत नव्हतं.

जिन्यावरून उतरताना, मूळ गाव विचारणारे ते गृहस्थ एकदम म्हणाले, "पाटी बदलेपर्यंत मी काही दालनात बोलणार नाही बुवा." मला ते मुळीच अपेक्षित नव्हतं. बाई म्हणाल्या, न बोलण्यापेक्षा आपण आपलं काम नीट करू. बघू दे सगळ्यांना.

पुढच्या महिन्यात संग्रहालयाचा वर्धापनदिन होता. अधिकारी आले, त्यांची कुटुंबं आली, हार आले. वकीलसाहेब पाहुण्यांना घेऊन तिसऱ्या दालनात शिरले. तिथं आम्ही काठीच्या दोन्ही बाजूंना तिघं-तिघं उभे. बाईंनी पाहुण्यांना विनंती केली, दोन मिनिटं फक्त बघावं. मग आम्ही दिसतं तेवढंच सांगितलं, एकेकाने एकेक वाक्य. चाचांनी सुतळी वर सारली. पाहुणे रांगेने वाकून वेल बघू लागले. एका अधिकाऱ्याच्या पत्नींनी वर मान करून विचारलं, "अय्या, किती नाजूक! पण ही धरायचं कोण?"

मी तोंड उघडलंच होतं. बाई माझ्याआधी बोलल्या, "ते वकीलसाहेब सांगतील. काठी त्यांच्या घरची."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते हसून वेळ मारून नेतील असं मला वाटलं. पण जे आतापर्यंत कधीच काठीजवळ आले नव्हते, ते पहिल्यांदा पुढे आले आणि वाकून त्यांनी ती पानं बघितली. बराच वेळ बघितली.

"गावचा येसकर," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी आमच्या घरापुढच्या खळ्याबाहेर उभा राहायचा. आवाज आला की आम्हा मुलांना आत बोलवायचे. मी खिडकीतून बघायचो. चाकरी सुटली तेव्हा काठी आमच्याकडे ठेवून गेला." मग थांबून म्हणाले, "रोज यायचा. त्याचं नाव मला माहीत नाही. कुणाला विचारलं नाही मी कधी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला, पाटी तुम्ही लिहा. कचेरीत माझी बोटं भरभर चालतात, पण तो चार ओळींचा मजकूर टाइप करायला मला पूर्ण संध्याकाळ लागली. येसकराची काठी. घुंगरं कशासाठी होती ते. झिजलेलं टोक आणि मुठीखालची नक्षी. आणि शेवटी: 'ही काठी धरणाऱ्याचं आणि नक्षी कोरणाऱ्याचं नाव विचारून ठेवलेलं नाही.' एक प्रत मी पाकिटात घालून चिपळूणला पाठवली. सोबत चिठ्ठी लिहिली नाही. मी, आणि चिठ्ठी लिहिली नाही!

एक रविवार गेला. दुसरा गेला. काठीपाशी आता मी आधी गप्प राहत होते आणि पोरं, तीच उड्या मारणारी पोरं, वाकून वाकून वेल शोधत होती. पक्षी सापडला की ओरडत होती. एका मुलीने विचारलं, त्याला चाकू कुणी दिला? ह्या प्रश्नावर मी आठवडाभर खूश होते.

तिसऱ्या रविवारी माझं बोलणं संपलं, लोक पांगले, आणि दाराशी अप्पा उभे दिसले. कधी आले होते कोण जाणे. मी पुढे झाले नाही. ते आत आले. पाटीसमोर उभे राहिले, ओठ हलवत पूर्ण वाचली, आणि मग परत पहिल्यापासून वाचली. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "हात लावू?"

मी सुतळी वर सारली. अप्पांनी आधी एक बोट ठेवलं. मग पूर्ण मूठ वळली. वायरमनचा तो जाड, भाजल्याच्या खुणांचा हात त्या वेलीवर तसाच राहिला. घुंगरं हलली नाहीत, इतकी घट्ट धरली होती त्यांनी.

"बापाशीनं माझ्या हातात दिलान काठी," ते म्हणाले. "म्हनाला, तू टाक. मी तेरा वर्सांचा. खूश होऊन भिरकावली. सगळी वाडी हसत होती, बापूस पन हसत होता."

त्यांनी मूठ सोडली आणि मुठीखालची जागा वाकून बघितली, मग पक्षी दिसेपर्यंत डोकं तिरकं करून बघितली.

"टाकली ता बरोबरच केलं," अप्पा म्हणाले. "पन टाकायच्या आधी त्याची मूठ येकदा बघाया हवी होती गो."